गालावरची घडी

माणूस ओठांनी हसतो असं लोक म्हणतात. ओठ कुठले हसतात, हसतो तो गाल. नाकपुडीच्या कडेपासून निघून ओठाच्या कोपऱ्याशी उतरणारी एक घडी असते. तिच्या खाली ओठाची कातडी आतल्या स्नायूंना घट्ट चिकटलेली असते, आणि वर गालाची कातडी चरबीच्या गादीवर सैल पसरलेली असते. ओठ उचलणारे स्नायू या घडीच्या रेषेवर येऊनच कातडीत रुततात. त्यांनी ओढ घेतली की ओठ वर सरकतो, गालाची चरबी घडीच्या वर गोळा होते आणि घडी खोल होते. डोळ्याच्या कडेला बारीक सुरकुत्या पडतात त्या दुसऱ्या स्नायूमुळं, आणि माणूस मनापासून हसत असला तरच. हे सगळं मी झोपेतही सांगेन. विसाव्या वर्षी मिरजेला एका मेलेल्या माणसाच्या तोंडावर शिकलोय मी हे, आणि एवढ्याच भांडवलावर सख्ख्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलंय.

एकाहत्तरच्या लढाईला दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव कराडजवळ, मलकापूरच्या पुढं. आबा, म्हणजे आमचे वडील, फौजेतून हवालदार होऊन परत आले होते आणि ऊस बघत होते. गावातून डाक्टरकीला गेलेला मी पहिला. गेलो त्याच दिवसापासून गावानं मला डाक्टर म्हणायला सुरुवात केली, आणि खरं सांगायचं तर मला ते लय गोड लागायचं. सुट्टीला आलो की म्हातारी माणसं गुडघे उघडे करून पुढ्यात बसायची. मीही दाबून बघायचो आणि काहीतरी सांगायचो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

त्या वेळी पहिलं दीड वर्ष आम्हाला जिवंत रोग्याला हात लावू देत नसत. सगळा कारभार मेलेल्यांशी. एका टेबलावर आम्ही चौघं, आणि मधे एक बेवारशी म्हातारा, औषधात मुरून चामड्याच्या रंगाचा झालेला. त्या हिवाळ्यात आम्ही त्याच्या तोंडापर्यंत पोचलो. उताणा पडलेला असल्यानं त्याची ती घडी जवळजवळ बुजली होती. चेहरा हलवणारी नस कानाच्या खालून निघते, लाळेच्या गाठीत शिरते आणि तिथं तिच्या पाच फांद्या होतात. ती शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी घाई केली आणि गाठीसकट नसही कापून टाकली. शिकवणारे सर टेबलाशी आले, बघितलं, आणि म्हणाले, "संपलं. ही तुटली की तुटली. जिवंत असता तर हा माणूस त्या बाजूनं परत हसला नसता."

ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तुटलेल्या नसेबद्दल ते खरंच होतं. पण सुजलेल्या नसेबद्दल आम्हाला तोवर कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि नस सुजते हे मला ठाऊक नव्हतं.

माझी धाकटी बहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दिवाळीनंतर तिची सुपारी फुटली होती. मुलगा औंधजवळच्या गावातला, फौजेत शिपाई. तिला बघायला आले तेव्हा मी घरातच होतो. मुलाच्या आईनं विचारलं, "भाकरी येती का गं थापाया?" धाकटी म्हणाली, "येती, पर गोल न्हाई येत," आणि आपणच हसली. सगळी बैठक हसली. मुलाची आई आमच्या आईला म्हणाली, "भाकरी कसली बी येऊ द्या. पोरगी हसती लय ग्वाड." तिथंच ठरलं. लग्न फाल्गुनात, कारण मुलाला एक महिन्याची छुट्टी तेव्हाच मिळणार होती. एकदा हुकली की परत कधी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

जानेवारीत धाकटी साताऱ्याला मावशीकडं चोळ्या शिवून घ्यायला गेली. परत येताना पहाटेच्या एस्टीत खिडकीशी बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. आरशात बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवा डोळा मिटत नव्हता. गावात सगळे म्हणाले, वारं लागलं. आबांनी मला कार्ड टाकलं, "ताबडतोब निघून ये. पोरीचं तोंड वाकडं झालंय." मी शनिवारची गाडी धरून घरी गेलो.

सोप्यात पंधरावीस माणसं बसली होती. चुलते, शेजारी, आबांचे फौजेतले दोघं जोडीदार. धाकटी आत पदर तोंडाला लावून बसलेली. मी तिला आत जाऊन बघायला हवं होतं. मी तिला बाहेर बोलावली. सगळ्यांसमोर पाटावर बसवली आणि एकेक हुकूम सोडायला लागलो. भुवया वर कर. डोळे गच्च मीट. गाल फुगव. दात दाखव. ती बिचारी प्रत्येक गोष्ट करत होती आणि प्रत्येक वेळी तोंड आणखी वाकडं होत होतं. शेवटी मी म्हणालो, "आता हस." तिनं हसायचा प्रयत्न केला. डावी घडी खोल गेली, उजवा गाल सपाट राहिला. कपड्याला इस्त्री करावी तसा. बायका पदराआड रडायला लागल्या. मी मात्र त्या सपाट गालावर बोट फिरवून सगळ्यांना समजावत होतो की इथं घडी असते, इथं स्नायू रुततात, नस गेली की घडी जाते. मला आज तेव्हाच्या त्या पोराच्या, म्हणजे माझ्याच, कानाखाली जाळ काढावासा वाटतो.

धाकटीनं एवढंच विचारलं, "मग दादा, घडी परत कवा येनार?"

मी म्हणालो, "बघू." पण ते अशा आवाजात म्हणालो की बसलेल्या सगळ्यांना उत्तर कळलं.

आबांनी तिला कराडच्या डॉक्टरांनाही दाखवलं होतं. जुने, साधे गृहस्थ. त्यांनी सुया दिल्या, डोळ्यावर पट्टी बांधायला सांगितली, आणि म्हणाले, "येईल हळूहळू. दोन-तीन महिने वाट बघा." आबांनी हे मला सांगितलं तेव्हा मी हसलो. म्हणालो, "त्यांच्या वेळी काय शिकवत होते, देव जाणे. येईल म्हणायला काय जातंय?" आईनं शेजारच्या म्हातारीच्या सांगण्यावरून पारवा मारून त्याचं गरम रक्त पोरीच्या गालाला चोळलं होतं, आणि घरात तो वास भरून राहिला होता. त्याच्यावरून मी आईला नाही नाही ते बोललो. आईचा पारवा तेवढा मेला. माझ्या शहाणपणानं काय केलं ते पुढं सांगतो.

परत गेलो आणि तीन आठवड्यांनी पुन्हा आलो. आबांनीच बोलावलं होतं. पहाटे धाकटीनं मला परसात गाठलं. हातात दाढीचा लहान आरसा होता. डोळ्यावरची पट्टी तिनं काढली होती.

"दादा, हितं बघ जरा," ती म्हणाली. "काल सकाळधरनं पानी कमी सांडतंय. आन् हसायला गेलं की हितं कायतरी हालतंय."

ती हसली. नाकपुडीच्या कडेला, जिथं महिनाभर काहीच नव्हतं तिथं, केसाएवढी सावली पडली आणि गेली. मी बघितलं. बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. पण मी लगेच त्याचं शास्त्र सांगितलं, "चांगली बाजू जोरात ओढती गं, म्हणून वाकड्या बाजूची कातडी ताणती. तुला भास होतोय."

"भास न्हाई रं. पानी कमी सांडतंय म्हनतीया न्हवं."

"तुला सवय झाली असंल तोंड दाबून धरायची."

तिनं आरसा खाली घेतला. तिला माझ्याशी वाद घालणं जमलं नाही. घरात कुणालाच जमत नव्हतं, मी शिकलेला होतो ना.

चांगला गाल तळहातानं दाबून धरायचा आणि मग हसायला सांगायचं. चांगली बाजू ओढू शकत नाही, आणि वाकडी बाजू स्वतः हलते का ते एका क्षणात कळतं. एवढंच करायचं होतं. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. माझा हात तिच्या तोंडापासून वीतभर होता आणि मी तो उचलला नाही, कारण मला उत्तर आधीच माहीत होतं.

त्याच दिवशी न्याहारी झाल्यावर आबांनी मला समोर बसवलं. चुलते होते, फौजेतले जोडीदार होते. आबा म्हणाले, "पंधरा दिसांनी पोराची छुट्टी चालू व्हतीया. मला लांबड नगं. छुट्टीच्या आत हिचं तोंड सरळ व्हईल का न्हाई, एवढंच सांग."

"मला माहीत नाही." तीन शब्दांचं उत्तर होतं, आणि खरं होतं. ते तोंडातून निघेना. एवढी माणसं बघत बसलेली, मला मिरजेला पाठवून आबांनी गावात मान वर केलेली, आणि मी म्हणू की माहीत नाही?

मी म्हणालो, "न्हाई. आताबी न्हाई आन् पुढंबी न्हाई. नस गेलीया."

आबांनी मान हलवली. रडले नाहीत, मला आणखी काही विचारलं नाही. म्हणाले, "मग उद्या जाऊन सांगून येतो. जवानाची छुट्टी खायाचा आपल्याला अधिकार न्हाई. आत्ता कळलं तर दुसरी पोरगी बघून याच छुट्टीत उरकतील. लपवून बोहल्यावर उभी केली आन् अंतरपाट काढल्यावर त्यानं बघितलं, तर मग मला तोंड न्हाई." फौजेतल्या माणसालाच सुचावं असं हे होतं. दुसऱ्या कुठल्याही बापानं पोरीचं तोंड पदराआड झाकून तारीख निभावून नेली असती, निदान वाट बघितली असती. आबांना मात्र आपल्या पोरीआधी परक्या शिपायाची छुट्टी दिसली. दुसऱ्या दिवशी पहाटे फेटा बांधून ते औंधच्या गाडीला गेले.

संध्याकाळी परत आले ते थकलेले होते, पण शांत होते. आईला म्हणाले, "लय चांगली मानसं. मुलाची आई म्हनली, आमी थांबतो की पुढच्या छुट्टीपतोर, व्हईल बरी. मी म्हनलं, बाई, आमचा पोरगा डाक्टर हाय, त्यानं सांगितलंय की व्हायचं न्हाई. उगं आशा नगा लावू. तवा कुठं त्यांनी ऐकलं." हे आत भाकऱ्या थापत बसलेल्या धाकटीनं ऐकलं. तिच्या भाकरीचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं परत सुरू झाला. मी सकाळची गाडी धरून मिरजेला पळालो.

फाल्गुनात त्या मुलाचं लग्न झालं, दुसऱ्या मुलीशी, ठरलेल्या छुट्टीतच. त्याच्या आठवडाभर आधी आईनं शेजारच्या मास्तरांकडून मला कार्ड लिहून घेतलं होतं, की पोरीचा डोळा मिटायला लागलाय, पाणी सांडायचं थांबलंय, तू ये. मी गेलो नाही. परीक्षेचं कारण लिहिलं. ग्रंथालयात बसून मोठं पुस्तक उघडलं, आणि त्यात सरळ लिहिलेलं सापडलं की अशी सूज आलेली नस बहुतेक वेळा आपणहून बरी होते, सुरुवात दोन-तीन आठवड्यांत दिसते आणि दोन-तीन महिन्यांत तोंड सरळ होतं. कराडचे डॉक्टर जे बोलले होते तेच, शब्दाला शब्द. पुस्तक तिथं आधीपासूनच होतं. तिसऱ्या कपाटात.

चैत्रात घरी गेलो. दारातच धाकटी दिसली. तोंड सरळ झालं होतं. घडी पूर्ण आली होती, डाव्या बाजूइतकी. मी तिला म्हणालो, "मी आबांना सांगतो. माझं चुकलं म्हणून सांगतो."

ती म्हणाली, "नगं. आबांनी आपल्या पायानं जाऊन मोडलंय. त्यांना झेपायचं न्हाई. तू गप ऱ्हा." मग म्हणाली, "मला तुझा राग आलाय. पर ते तुझं-माझं हाय."

मला ते गप्प राहणं इतकं सोयीचं वाटलं की मी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही.

आईनं औंधच्या यमाईला नवस बोलला होता. आम्ही चौघं नवस फेडायला गेलो. डोंगरावर चढायला पायऱ्या आहेत. निम्म्या चढलो असू, तर वरून दोन बायका उतरत होत्या. एक हिरवा चुडा भरलेली नवी नवरी, आणि तिच्या मागं त्या मुलाची आई. त्यांचं गाव तिथंच खाली. चुकवायला जागा नव्हती.

धाकटी पुढं होती. तिनं ओळखलं, वाकून नमस्कार केला, आणि सवयीप्रमाणं वर बघून हसली. त्या बाईनं तिचा एक गाल बघितला. मग दुसरा बघितला. मग आबांकडं वळली.

"आवं पाव्हनं," ती म्हणाली, "पोरीचं तोंड तर देवानं दिलं तसंच हाय की."

आबा म्हणाले, "व्हय, आता झालं सरळ. तवा न्हवतं, बाई."

"तीन म्हयन्यात झालं? आमी थांबतो म्हनत हुतो. हात जोडून म्हनत हुतो. तुमीच म्हनला, जलमभर व्हायचं न्हाई. सोयरीक नगं हुती तर सरळ सांगायचं. पोरीला वाकडी करून कशापायी सांगितलं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन पायऱ्या खाली होतो, हातात नारळाची पिशवी. ते म्हणाले, "पोरगं सांगंल. बोल रं. तुला म्हाईत हुतं का, बरं व्हनार म्हनून?"

मी बोलू शकलो असतो. माझ्या चुकीनं मोडलं, यांनी मी सांगितलं तेच तुम्हाला सांगितलं, एवढं बोललो असतो तर आबा त्या बाईच्या पुढं स्वच्छ झाले असते. मला लाज वाटली. नव्या नवरीसमोर, आईसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसमोर लाज वाटली. मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

धाकटीच बोलली. "त्याला कसं म्हाईत असनार, आबा? यमाईनं केलं."

मुलाची आई म्हणाली, "देवीच्या पायरीवर तरी खोटं बोलू नगा." आणि सुनेला घेऊन खाली उतरली.

आबा तिथंच उभे राहिले. निम्म्या पायऱ्या अजून राहिल्या होत्या, त्या त्यांनी फार हळू चढल्या. वर जाऊन देवीपुढं आडवे झाले ते बराच वेळ उठले नाहीत. आईला वाटलं, कृतज्ञता आहे.

पुढल्या वर्षी धाकटीचं लग्न कोयनानगरच्या एका बिजवराशी झालं. वीजघरात कामाला होता, पहिलीची दोन मुलं होती, वयानं पंधरा वर्षांनी मोठा. माणूस वाईट नव्हता. वळणावळणाच्या रस्त्यानं गाडीत आईला ओकाऱ्या होतात म्हणून आई फारशी गेली नाही. मी जायचो. धाकटी मला जेवायला वाढायची, मुलांच्या तक्रारी सांगायची, आणि त्या दिवसांबद्दल एक अक्षर काढायची नाही. तिनं मुलं वाढवली, तिचं बरं चाललं. बरं म्हणजे किती, ते मी तिला कधी विचारलं नाही.

आबा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते गेले तेव्हा धाकटी मला म्हणाली, "आता तुला काय सांगायचं ते कुनाला बी सांग. माझी आडकाठी न्हाई." औंधकडचे रोगी अधूनमधून माझ्या कराडच्या दवाखान्यात येतात. एकदा त्या गावचा एक म्हातारा आला होता. कुठल्या घरातले तुम्ही, म्हणून त्यानं विचारलं. मी आबांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे पोरीचं तोंड वाकडं सांगून सोयरीक मोडलेलं, त्ये हवालदार?" मी त्याची नाडी बघत होतो. मी हो म्हणालो आणि नाडी मोजत राहिलो.

त्या मुलाची आई अजून आहे, नव्वदीला आली आहे, कानानं चांगलं ऐकू येतं, हेही त्यानंच सांगितलं. कराडहून तिथं एस्टीनं जायला दीड-दोन तास लागतात. मी अजून गेलेलो नाही.